पाण्याखालचा सीन, पाण्यात कमीत कमी उतरून

आजचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मेसेजमध्ये होता: कॉलेजची शॉर्टफिल्म आहे, खिसा रिकामा आहे, आणि स्क्रिप्टमध्ये कुणीतरी बुडतंय. काय करायचं?

मी पोटासाठी कोड लिहितो, पण शनिवार-रविवार मित्रांच्या फिल्म्सवर कॅमेरा धरतो. यंदा उन्हाळ्यात असाच एक सीन केला. परकर-पोलक्यातली मुलगी विहिरीत पडते, खाली जाते, वर येते. पडद्यावर चाळीस सेकंद. सीनचं बजेट साडेतीन हजार रुपये, तेही वर्गणी काढून.

आधी लोकेशन. इथे जरा वेळ घेणार आहे, कारण सगळी भांडणं इथेच झाली. दिग्दर्शकाच्या मामांचं नाशिककडे शेततळं आहे. फुकट, नितळ पाणी, वरून कडक ऊन. तो म्हणाला, "अरे, आयता सेट आहे!" मी म्हटलं, तिथे कुणी पाण्यात उतरणार असेल तर मी कॅमेरा उचलणार नाही.

कारण सांगतो. शेततळ्याच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, म्हणजे पाणी जिरत नाही. त्यावर शेवाळ धरतं. ओल्या कागदावर पाय ठरत नाही आणि हाताने धरायला काहीच नसतं. पट्टीचा पोहणाराही काठाशी येतो आणि परत आत घसरतो, असं करत करत दमतो. एक पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दोघंही गेले, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. दोरी, ट्यूब काही नसताना तिथे शूटिंग करायचं? आणि आमच्या नायिकेला पोहता येत नव्हतं. वर परकर. ओला परकर पायात गुंडाळला की पाय मारताच येत नाहीत.

दिग्दर्शकाचं म्हणणं एकच, की खोटं दिसेल. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण कॅमेऱ्याला खोली कळत नाही. क्लोज-अपमध्ये चार फूट पाणी आणि चाळीस फूट पाणी सारखंच दिसतं, आणि कित्येकदा पाणी नसलं तरी चालतं. २०१७ सालचा 'द शेप ऑफ वॉटर' बघा, तोच, ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याची सुरुवात पाण्याने भरलेल्या घरात होते, आणि त्या सेटवर पाणीच नव्हतं. सामान आणि नटी तारांवर लटकवली, खोलीत धूर भरला, प्रोजेक्टरने लाटांचा उजेड पाडला. या पद्धतीला 'ड्राय फॉर वेट' म्हणतात. हे दाखवल्यावर साहेब नरमले.

मग कागदावर शॉट पाडले. नऊ निघाले. त्यातले तीनच खऱ्या पाण्यात.

त्या तिनांसाठी ओळखीचा एक छोटा जलतरण तलाव दुपारी दोन तास घेतला. बाराशे रुपये, जीवरक्षक त्यातच. तिथेच पोहायला शिकवणाऱ्या एका ताईंनी नायिकेचे कपडे घालून पाठमोरी उडी मारली. त्यांना दीड हजार दिले. साडेतीन हजारांतले सत्तावीसशे इथेच गेले, आणि मला विचाराल तर पैसे जायची हीच जागा आहे. फोनच्या वॉटरप्रूफ कव्हरवर उडवू नका.

फोनचं काय मग? आयपी ६८ वाचून फोन तलावात बुडवू नका. ती चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते, क्लोरीनच्या नाही. शिवाय पाण्यात टचस्क्रीन वेड्यासारखी वागते. आम्ही साडेचारशेला एक काचेची फिशटँक घेतली. ती उथळ बाजूच्या पायरीवर पाण्यात अर्धी दाबायची आणि फोन आत कोरड्यात ठेवायचा. गंमत अशी की टँक बुडतच नाही. तळ ३० बाय २० सेंटीमीटर, १५ सेंटीमीटर आत दाबली, म्हणजे ९ लिटर पाणी बाजूला सरलं, म्हणजे ९ किलोचा जोर वर. आर्किमिडीज, आठवी-नववीचा. आम्ही आत डंबेलच्या आठ किलोच्या प्लेट्स टाकल्या आणि एका मुलाला वरून धरायला बसवलं. याहून खोल दाबू नका. टँकचे सांधे आतून येणारा दाब सोसायला केलेले असतात, बाहेरून येणारा नाही.

अजून एक. सपाट काचेतून पाण्यात बघितलं की सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३. फोनचा नेहमीचा कॅमेरा त्यामुळे अर्धवट झूम केल्यासारखा होतो. म्हणून अल्ट्रावाइड लावा. व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर प्रत्येक बुडबुड्यासोबत रंग बदलतो. तलावाच्या निळ्या फरश्या विहिरीसारख्या दिसत नाहीत. मागच्या भिंतीवर काळं कापड दोन्ही टोकांना घट्ट बांधलं, ताईंपासून चांगलं लांब. सुटं कापड पाण्यात नको, ते अंगाला गुंडाळतं. एडिटमध्ये थोडा हिरवा रंग चढवला.

आणि एक नियम, यात घासाघीस नाही: डुबकीआधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्यामुळे. ती जाणीवच उशिरा येते आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो, कुणाला कळतसुद्धा नाही.

बाकी सहा शॉट माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. नायिका कोरडी ठणठणीत. काळा पडदा, खाटेच्या कडेवरून डोकं मागे खाली लोंबतं, फोन उलटा धरलेला. फ्रेम सरळ केली की केस वर तरंगतात! टेबल फॅन एकवर. ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर चालवलं, म्हणजे हालचाल निम्म्या वेगाने. शटर १/१०० ठेवलं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर याच्याशी जुळलं नाही की फ्रेमवर पट्टे. डोक्याला रक्त उतरतं, म्हणून वीस-वीस सेकंदांचेच टेक घेतले. गाल फुगवू नको, पापणी हलवू नको, एवढंच तिला सांगितलं.

लाटांचा उजेड? आईची परात. तळाला आरसा, वर दोन बोटं पाणी, आरशावर बॅटरीचा टॉर्च मारायचा आणि पाणी बोटाने हलवायचं. चेहऱ्यावर जे नाचतं ना, त्यावर दिग्दर्शक गप्पच झाला. पाण्याजवळ प्लगवाला दिवा मात्र कधीच नाही. पाण्यातली घाण म्हणजे काचेच्या बरणीत दुधाचे दोन थेंब. बुडबुडे म्हणजे दुसऱ्या बरणीत स्ट्रॉ. दोन्ही काळ्या कापडापुढे शूट करून 'स्क्रीन' मोडवर वर चढवले. कापड, आरसा, दूध, चहा मिळून साडेतीनशे.

आवाजाला पैसा लागला नाही, पण एडिटमध्ये सगळ्यात जास्त रात्री तिथे गेल्या. ती पाण्यात शिरताक्षणी ५०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं. वरच्या मैत्रिणींच्या हाका भिंतीपलीकडून आल्यासारख्या. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, तो कुठून येतोय ते कानाला कळत नाही, म्हणून स्टिरिओ काढून मधोमध ठेवला. डोकं वर आलं की एका फ्रेममध्ये सगळं परत उघडलं: रहाटाची करकर, पक्षी, तिचा श्वास. हा श्वास तिने खाटेवर बसून दिलाय, अकराव्या टेकला.

कॉलेजच्या स्क्रीनिंगला मामा आले होते. त्यांनी विचारलं, विहीर कुणाची? दिग्दर्शकाने माझ्याकडे बोट दाखवलं.

तुमच्या सीनची शॉटलिस्ट पाठवा, कुठला शॉट कोरड्यात जमेल ते पुढच्या भागात बघू. चला, भेटूया.