अभ्यास आणि उजळणी : तिगावच्या परीक्षार्थींच्या निमित्ताने



नागपूर–इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या पुढचे स्थानक तिगाव. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला; घरांतली मराठी मात्र टिकून आहे. त्यामुळे येथील पुष्कळ मुले घरी मराठीत विचार करतात आणि पेपर हिंदीत लिहितात. परीक्षा घेणारी संस्था म्हणजे 1965 साली स्थापन झालेले भोपाळचे 'माध्यमिक शिक्षा मंडल'. मराठी आजीच्या कानाला हे नाव दंड करणाऱ्या कचेरीचे वाटले, तर दोष आजीचा नव्हे.

दोन भाषांच्या या शेजारात एक शब्द विशेष बोलका आहे. मराठीत 'अभ्यास' म्हणजे अध्ययन. हिंदीत 'अभ्यास' म्हणजे सराव. हिंदी पाठ्यपुस्तकांत धड्याखालच्या प्रश्नांनाही हेच नाव असते. मराठी घरातला विद्यार्थी 'अभ्यास झाला' म्हणतो, तेव्हा बहुधा धडा दोनदा वाचून झालेला असतो; प्रश्नांना हातही लागलेला नसतो. परीक्षेतील पुष्कळसे अपयश या दोन अर्थांमधल्या अंतरात दडलेले असते.

हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करून ती किती टिकतात हे त्याने मोजले. तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटले, दुसऱ्या दिवशी सुमारे तिसरा हिस्सा उरला. पुढे मात्र गळती मंदावली. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री हवी, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे. अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी 2006 साली याहून उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी थोडा वेळ वाचून, मग तो न पाहता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे 40 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख ज्ञान असल्याचा भास होतो. परीक्षागृहात पुस्तक नसते, तेथे हा भास उघडा पडतो.

तिगावच्या मुलासाठी यातून एक खास रीत निघते. धडा वाचावा, पुस्तक मिटावे आणि आईला किंवा आजीला तो मराठीत सांगावा. जेथे सांगणे अडते, तेथेच धडा कळलेला नसतो. मग तेच हिंदीत लिहावे. येथे शब्द फसवतात : घरचा अपूर्णांक शाळेत 'भिन्न' होतो, त्रिकोण 'त्रिभुज' होतो, आणि 'वृत्त' म्हणजे बातमी नसून वर्तुळ असते. अशा जोड्यांची एक वही सहावीपासून ठेवली, तर दहावीला तीच वही शिकवणीहून अधिक उपयोगी पडेल.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उतरतो आणि परीक्षाही त्याच दिवसांत येते. बागेत माणसे लागतात. मुलाला घरी ठेवू नका म्हणणे सोपे, हंगाम त्यासाठी थांबत नाही. म्हणून उजळणीची सुरुवात दिवाळीनंतरच व्हावी, आणि हंगामात अर्ध्या तासाचेच, पण ठरलेले बसणे राखावे. जागेची अडचण तर जुनीच आहे. परळच्या एका खोलीत रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवून त्यांच्या जागी झोपत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, 750 पैकी 282 गुण मिळवून. आजच्या पालकांना हा आकडा दाखवण्याजोगा आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळूसकरांचे लक्ष गेले आणि त्यांनी त्याला पुस्तके पुरवली.

ते काम ग्रंथालयांचेही आहे. मागील वर्षांच्या हिंदी प्रश्नपत्रिका व एक हिंदी-मराठी शब्दकोश हाताशी ठेवणे फार खर्चाचे नाही. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष भरलेले असतात, पण 'शांतता राखा' या पाटीखाली मुले केवळ वाचत राहतात. पाटी आत राहू द्यावी. बाहेरचा ओटा मात्र संध्याकाळी दोन तास एकमेकांना धडे मोठ्याने सांगणाऱ्यांसाठी मोकळा करावा. ज्येष्ठ सभासदांनी वर्तमानपत्र थोडा वेळ बाजूला ठेवून त्यांतील एखाद्याचे ऐकून घेतले, तरी चालेल.