गाठ लपवू नये, नाते मोडू नये
(प्रताप नगर, नागपूर येथे वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो ऐकून काहींच्या कपाळास आठी पडेल. विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. मुलांस धडे देण्यात आमचे आयुष्य गेले. हा धडा मात्र आम्हांस स्वगृहीच गिरवावा लागला.

आमच्या कुटुंबाच्या हातास गाठ लागली, त्या वेळी थोरल्या कन्येचे लग्न जुळत होते. रोगाची कुणकुण लागली तर स्थळ मोडेल, या भयाने तिने सात महिने आम्हांसही काही कळू दिले नाही. गाठ दुखत नव्हती, म्हणून ती साधी असावी, असा तिचा समज. वस्तुतः प्रारंभी ही गाठ बहुधा दुखतच नाही, आणि येथेच घात होतो. कार्य यथासांग पार पडले; तोवर बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली होती.

शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन काढावा लागला. प्रारंभीच्या अवस्थेत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी आयुर्मानात उणेपणा येत नाही, हे बर्नार्ड फिशर या अमेरिकन शल्यविशारदांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले होते. विलंबाची किंमत ती हीच.

शस्त्रक्रियेनंतरची कसोटी निराळीच. काखेतील ग्रंथी काढल्यामुळे हात वर जाईना. भिंतीवर बोटे चढवीत हात रोज थोडा थोडा वर न्यावयाचा, असा व्यायाम सांगण्यात आला. स्वतःची वेणी तिने स्वतः घातली, तो दिवस आमच्या घरी सणासारखा झाला. पुढे केमोथेरपीने ती वेणीही गेली. पण उपचार संपताच केस पुन्हा आले. त्या बाजूच्या हातास सूज येण्याचा संभव पुढेही राहतो. म्हणून जखम, भाजणे यांपासून त्यास जपावे, आणि सूज दिसताच वैद्यांस दाखवावे.

देहाची जखम भरली. मनाची भरण्यास वेळ लागला. ती हळदीकुंकवास जाईना. "मी आता अपुरी," असे म्हणे. अशा वेळी पतीने उपदेश करू नये. जवळ बसावे, घरकाम वाटून घ्यावे. आम्ही साठीत पोळ्या लाटावयास शिकलो. त्या गोल होत नाहीत, परंतु तिला हसू येते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली, तरी रोग लवकर सापडू लागला. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. आपल्या नागपुरातही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्यास राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. दूर जावयास नको. लाज तेवढी दूर सारावी.

शेवटी ज्ञातीस एक विनंती. हा रोग स्पर्शाने जडत नाही. पूर्वजन्मीचे पापही नव्हे. शंभरांत पाच ते दहा रुग्णांतच तो आनुवंशिक असतो. तशी शंका असल्यास तपासणी व सल्ला उपलब्ध आहे. मग आईच्या आजारासाठी मुलीचे स्थळ का नाकारावे? आमच्या व्याह्यांस सर्व कळले, तेव्हा विहीणबाई डबा घेऊन रुग्णालयात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आधी सांगितले असते तर लग्न चार महिने पुढे ढकलले असते." जिच्या भयाने आमच्या कुटुंबाने सात महिने गमावले, ती भीती व्यर्थ होती. परंतु ती आपण सर्वांनीच तिच्या मनात पेरली होती. ती उपटून टाकावी, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.