चाकावरचे वीजघर

(येवला येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



येवल्याच्या घराघरांत पायाची किंमत ठाऊक आहे. खड्डामागावर बसणारा विणकर हाताने धोटा फेकतो, पण पैठणीचा ताणा उघडतो तो पायाखालच्या पावड्यांनी. पायात लय नसेल तर हातातली कला व्यर्थ होय. सायकलीचेही तसेच आहे. म्हणूनच सायकलीला मोटर बसवावी, आणि त्या मोटरीला वीज पुरवणारे पेट्रोलचे छोटे जनित्रही त्याच सायकलीवर लादावे, ही कल्पना विणकरांच्या या गावात मांडून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. ही कल्पना हास्यास्पद नाही. मात्र पहिल्या नजरेत वाटते तितकी सोपीही ती नाही.

प्रश्न कोठून निर्माण होतो? चार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, प्रत्येकी १२ व्होल्ट व १२ अँपिअर-तासांच्या, एकत्र जोडल्या की ४८ व्होल्टचा संच तयार होतो. कागदावर त्यात अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज मावते. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही. परिणामी सपाट रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर झाले की मोटर धापा टाकू लागते. म्हणजे येवल्याहून मनमाड गाठता येते, पण परतीचे काय? मनमाडला कोणाच्या तरी ओटीवर सहा-आठ तास प्लग लावून बसावे लागेल. नाशिक तर ऐंशी किलोमीटरवर आहे. वाटेत वीज संपण्याच्या या धास्तीतूनच जनित्राचा विचार जन्मला. शिवाय २००५ ते २०१० या काळातील भारनियमन ज्यांनी सोसले, त्यांना दुकानापुढे गुरगुरणाऱ्या जनित्राची ओळख करून द्यायला नको.

चाके फिरवायची ती केवळ मोटरीने, आणि इंजिनाकडे काम फक्त वीज निर्माण करण्याचे, ही मांडणी नवी नव्हे. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० साली असे वाहन सिद्ध केले होते. त्याच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच मोटरी होत्या आणि दोन पेट्रोल इंजिने जनित्रे फिरवीत होती. इतके दूर तरी कशाला जावे? मनमाड–दौंड मार्गावर ज्या डिझेल इंजिनांच्या शिट्ट्या येवलेकरांनी वर्षानुवर्षे ऐकल्या, ती इंजिने याच तत्त्वावर चालत. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेल्या २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनात डिझेल यंत्र थेट चाक फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते, आणि त्या विजेवर आसांवरच्या मोटरी गाडी ओढतात. सामान्य माणूस त्याला ‘डिझेल इंजिन’ म्हणतो, पण वस्तुतः ते रुळांवर धावणारे वीजघरच आहे!

मग हेच सायकलीवर का नको? येथे हिशेब मांडला पाहिजे. एक लिटर पेट्रोलात सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. लहान जनित्र त्यातून फार तर दीड युनिट वीज देते, बाकीची उष्णता, धूर आणि आवाज यांच्या रूपाने निघून जाते. ही वीज चार्जरमधून बॅटरीत आणि बॅटरीतून मोटरीकडे जाताना आणखी घटते व हाती राहते एक युनिट. जनित्र, बॅटऱ्या व मोटर यांच्यासह साठ किलोच्या घरात गेलेली सायकल, त्यावर एक माणूस, यांना किलोमीटरमागे पंधरा ते अठरा वॉट-तास लागतात. म्हणजे लिटरमागे पंचावन्न ते पासष्ट किलोमीटर. एवढे तर एखादी जुनी मोपेडही देत असे. इंधनबचतीच्या आशेने कोणी हे जनित्र बसवणार असेल, तर त्याने आधी हे आकडे पाहावेत.

मोपेडचा विषय निघालाच आहे, तर लूनाचे स्मरण करणे उचित होईल. १९७२ साली फिरोदिया परिवाराच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पन्नास सीसीची लूना बाजारात आणली. तिचा मूळ आराखडा इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या वाहनाचा होता. पण शेजारच्या नगरमधून निघालेल्या त्या गाडीने भारतातील शिक्षक, पोस्टमन, दूधवाले आणि महाविद्यालयीन मुली यांना स्वतःचे वाहन मिळवून दिले. पेट्रोल संपले की पायडल मारत घरी यावे, ही तिची खरी खुबी! एका अर्थाने माणूस आणि इंजिन यांची ती संकरित सायकलच होती. २०२४ च्या फेब्रुवारीत हेच नाव घेऊन विजेवर चालणारी ई-लूना आली. तिला मात्र पायडल नाही. काळ कोणाला कोठे नेईल, सांगता येत नाही.

आता बांधणीकडे वळू. जनित्र बसवू पाहणारा तरुण पहिली चूक करतो ती चार्जरपाशी. दुकानात मिळणारा साधा चार्जर दोन-तीन अँपिअरचा, म्हणजे दीडशे वॉटच्या आसपासचा असतो. मोटर ओढते अडीचशे. परिणामी साडेसहाशे वॉटचे जनित्र मागे धडधडत असताना पुढे बॅटरी मात्र उतरतच राहते! बरे, चार्जर मोठा घेतला तर दुसरे संकट उभे राहते. सायकल फाटकापाशी थांबली, मोटर बंद झाली, की तो सगळा प्रवाह बॅटरीत शिरतो. बारा अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीला दोन-अडीच अँपिअरहून फार अधिक प्रवाह सोसवत नाही. ती तापते आणि काही महिन्यांत निकामी होते. यासाठी व्होल्ट व प्रवाह या दोहोंवर मर्यादा घालणारी यंत्रणा मध्ये हवी. मोटर चालू असताना वीज थेट तिला मिळावी, आणि उरलेली तेवढीच बॅटरीत जावी.

दुसरा प्रश्न वजनाचा आहे. दुकानात ठेवण्याचे लहान जनित्र वीस किलोच्या आसपास भरते. ते कॅरिअरवर उंच बांधले तर सायकल वळणावर कलते, पुढचे चाक हलके होते आणि ब्रेक लागत नाही. जाणकार मंडळी म्हणूनच वेगळा मार्ग धरतात. शेतातील तण कापण्याच्या यंत्रावर जे पस्तीस सीसीचे इंजिन असते, त्याचे वजन तीन-साडेतीन किलोच असते. त्याला चुंबकी मोटर उलट जोडून तिच्याकडून जनित्राचे काम करून घेता येते. मोटर फिरवली की वीज देते, हे तर शाळेतील मुलेही जाणतात. मात्र चाकाच्या तुंब्यातील ज्या मोटरीत दातेरी चक्रे व फ्रीव्हील असते, ती चाकामागून नुसतीच रिकामी फिरते, वीज देत नाही. मोडीच्या बाजारातून मोटर आणणाऱ्याने एवढे तपासून घ्यावे. पेट्रोलची टाकी, तापलेला सायलेन्सर आणि ठिणगी उडवू शकणाऱ्या बॅटरीच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, हेही वेगळे सांगावयास नको. तरी सांगितलेले बरे. उत्साहाच्या भरात पहिला विसर याचाच पडतो.

आणि कायदा? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पाव किलोवॉटहून कमी शक्तीची मोटर, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेग आणि बॅटरीविना साठ किलोच्या आत वजन असेल, तर अशी विजेची सायकल मोटार वाहन मानली जात नाही. नोंदणी नको, परवाना नको. पण त्याच व्याख्येत एक अट आहे. वाहन केवळ विजेच्या मोटरीने चालावे आणि त्या मोटरीला ऊर्जा केवळ वाहनावरील बॅटरीतून मिळावी. जनित्र जोडले की ही सवलत हातची जाते. घरच्या प्रयोगशाळेत हे यंत्र शोभून दिसेल. रस्त्यावर आणण्यापूर्वी मात्र परिवहन कार्यालयाची पायरी चढावी लागेल. स्वतः काही घडवू पाहणाऱ्या तरुणाला नियमांचा जाच होऊ नये, हे खरे आहे. पण त्याच रस्त्याने शाळेची मुलेही जातात, याचेही भान सुटता कामा नये.

महाराष्ट्रात या क्षेत्रात खरी तपश्चर्या झाली ती फलटणला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली अमेरिकेतून परत येऊन दाखल झाले. आयआयटी कानपूरचा हा अभियंता फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी येऊन राहिला, हीच मुळात विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ज्या काळात गुणवंतांचा ओघ पश्चिमेकडे होता, त्या काळात हा मनुष्य उलट दिशेने चालत आला.

राजवंशींची दृष्टी सायकल रिक्षावर गेली. एकच गिअर, स्प्रिंगांचा पत्ता नाही, ब्रेक नावापुरता, आणि चढावर उतरून रिक्षा ओढणारा कृश देह, हे उत्तर भारतातील शहरांचे नित्याचे दृश्य होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फलटणला तीन रूपांवर काम झाले. पहिली सुधारित पायडल रिक्षा. तिला गिअर, मागच्या चाकांना ब्रेक आणि बरी बैठक दिली. दुसरी मोटरीचे साह्य असलेली पायडल रिक्षा, म्हणजे चढावर यंत्र आणि सपाटीवर माणूस. तिसरी पूर्णतः विजेवर चालणारी, ‘इलेक्शा’ या नावाची. २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात राजवंशी यांनी या कामावर लेख प्रसिद्ध केला. या रिक्षेवर जनित्र नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फलटणच्या अभियंत्यांनी भर दिला तो वजन, घर्षण आणि वाया जाणारी शक्ती कमी करण्यावर. साधारण माणूस सतत पायडल मारून पाऊणशे वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. अडीचशे वॉटच्या मोटरीपुढे ही शक्ती क्षुल्लक नव्हे. पाय चालू ठेवले तर तीच बॅटरी कितीतरी पुढे नेते. सायकलीवरचे पहिले जनित्र सायकलस्वार स्वतःच आहे.

पुढे काय झाले? फलटणच्या रिक्षेचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले नाही. २ ऑक्टोबर २००८ रोजी दिल्लीच्या चांदनी चौकात केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेची ‘सोलेक्शा’ अवतरली, तीही रस्त्यावर फार काळ रुळली नाही. आणि मग चिनी सुट्या भागांतून जोडलेल्या ई-रिक्षांचा लोंढा राजधानीत आला. ना नोंदणी, ना प्रमाणन! २०१४ च्या जुलै महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली, २०१५ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ई-रिक्षांना मान्यता दिली. फलटणची रिक्षा आणि ही दुरुस्ती यांमध्ये सुमारे पंधरा वर्षे गेली. तेवढ्या काळात आपल्या भूमीत सुचलेली वस्तू परदेशी सांगाड्यावर बसून आपल्याकडेच विकायला आली. स्वदेशीची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने या पंधरा वर्षांपाशी थोडे थांबावे. डॉ. राजवंशी यांना २०२२ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले, याचा आनंद आहेच. पण एखादा उद्योजक वेळीच त्यांच्या दारी गेला असता, तर तो आनंद अधिक मोठा झाला असता.

माथेरानचे उदाहरण तर आपल्याच राज्यातले. तेथे माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा एकविसाव्या शतकातही टिकून होती. रिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षेसाठी न्यायालयीन लढा दिला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. श्रमाची प्रतिष्ठा म्हणजे श्रमिकाची दमछाक नव्हे. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ उभारला. त्या संघटनेने विश्वकर्मा जयंती हा श्रमिक दिन मानला, त्यामागे हीच धारणा आहे. विश्वकर्मा हत्यार घडवतो, ते राबणाऱ्या हाताला साह्य व्हावे म्हणून.

तेव्हा येवल्यातील एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात कोणी अशी सायकल घडवायला घेतली, तर घरच्यांनी त्याला हसू नये. बेळगावच्या एका सायकल दुकानातूनच लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग उभा राहिला, हे त्यांनी आठवावे. फक्त त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. या सायकलीला रोज किती किलोमीटर जायचे आहे? ते अंतर वीस-पंचवीसच्या आत असेल, तर जनित्राचा खर्च आणि वीस किलोंचे ओझे कशासाठी? अंदरसूलहून रोज येवल्याच्या बाजारात येणाऱ्याला घरच्या प्लगवर पाऊण युनिट वीज पुरते. अंतर त्याहून मोठे असेल, तर त्याच वजनात दुसरा बॅटरीसंच बसतो का, हे आधी पाहावे. लिथियमचा संच हलका असतो. मात्र त्याच्या पेशींचा मोठा भाग आजही आयात होतो, आणि त्यातही चीनमधून. पेट्रोल तरी कोठे आपले आहे? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून निघणाऱ्या टँकरमागे समुद्रापारच्या विहिरी असतात.

एवढे तपासूनही जनित्र हवेच, असे उत्तर आले, तर ते पस्तीस सीसीचे घ्यावे, आसाच्या उंचीच्या खाली बसवावे, आणि पहिली फेरी मनमाडच्या हमरस्त्यावर नव्हे, तर शेताच्या बांधावर मारावी. पायडल मात्र काढू नये.