दुर्बिणीपाशी उभा असलेला स्वयंसेवक



पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या संस्था आकाशदर्शनाचे जाहीर कार्यक्रम करतात, तेव्हा दुर्बिणीपाशी हजर असलेल्या स्वयंसेवकाचे मुख्य काम कोणते?

ग्रह पुन्हा पुन्हा मध्यभागी आणणे.

पृथ्वी अखंड फिरत असल्यामुळे, मोटार नसलेल्या साध्या दुर्बिणीत नीट लावलेला शनी एक-दोन मिनिटांतच दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो. आणि रांगेतल्या एखाद्या आजींनी आधारासाठी नळी धरली, तर तत्क्षणीच दिसेनासा होतो.

“आजी, हात मागे घ्या, डोळा जवळ आणा,” असे मार्दवाने सांगून, स्वयंसेवक ग्रह पुन्हा मध्यभागी आणतो.

शनीची कडी दिसल्याची खात्री झाल्याखेरीज पुढच्या माणसास बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम शिकता येते.
जवळच्या खगोल मंडळात आपले नाव अवश्य नोंदवा.