शेण चुलीत की शेतात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा व्याख्यान काही होणार नाही. पण पंचवीस वर्षे गोठ्यातले शेण उचलते आहे, म्हणून त्यावरच चार शब्द बोलते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे शेती धानाची. शेण काढतो आपण बायका, आणि पावसाळा सरला की त्याच्या गोवऱ्या थापतो. शेताला जाते ते उरलेसुरले. गोवरी जळली की राखेत थोडे पालाश राहते. नत्र मात्र धुरासंगे जाते, आणि जमिनीला हवा असतो तो कुजणारा भाग तर सगळाच जळतो.

घरचे पुरुष म्हणतात, १०० किलो शेणखतात नत्र अर्धा किलो, युरियात ४६ किलो. मग हा व्याप कशाला? हिशेब खरा आहे. पण युरिया पिकाला खाऊ घालतो, शेणखत जमिनीला. हलकी जमीन त्याने ओल धरते, चिकण माती मोकळी होते, गांडुळे येतात. नुसत्या युरियाने हे होत नाही.

ताजे शेण मात्र शेतात टाकू नये. उधई लागते, आणि गुरांच्या पोटातून आलेले तणाचे बी उगवते. मग निंदण कोणाच्या वाट्याला येते ते तुम्हांला ठाऊकच आहे! पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी यावर युक्ती काढली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींत हवेसाठी भोके. आत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर. सुमारे १०० किलो शेणात टाके भरते, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

आता कोणी विचारील, गोवऱ्या नाहीत तर चूल कशाने पेटवायची? सरपणाला रानात जावे तर वाघाचे भय. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. गोवऱ्या सोडा आणि लाकडे आणा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? सिलिंडर घरात आहे, पण तो भरायला दर वेळी पैसे कुठून आणायचे?

म्हणून ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅस बसवावा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. गॅसवर स्वयंपाक होतो, आणि बाहेर पडणारी रबडी खताला येते. नत्र तिच्यात राहते. एक-दोन गुरे असणाऱ्या दोघी-तिघींनी मिळून एक बसवावे म्हटले, तर कोणी किती शेण आणले यावरून भांडणे होतील, हेही मला दिसते. त्यांना टाकेच बरे.

माझ्या परसात जागा आहे. विटांची सोय झाली तर पहिले टाके तिथेच बांधू. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाण्याआधी मला नाव सांगावे.