वंशावळीतील न लिहिलेली ओळ
(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



कुलवृत्तांत सिद्ध करण्याचे काम संघाने हाती घेतले आहे. त्यातील वंशावळींत 'अल्पायुषी' हा शब्द वारंवार आढळतो. परंतु कारण क्वचितच लिहिलेले असते. ही उणीव किती महाग पडते, हे आम्ही घरच्या अनुभवाने जाणतो. आमच्या चुलत्यांचा मुलगा पंधराव्या वर्षी खेळता खेळता कोसळून गेला. वडीलधाऱ्यांनी 'दृष्ट लागली' म्हणून विषय मिटविला. पुढे त्याच्या बहिणीचा मुलगा धावताना दोनदा मूर्च्छित झाला, तेव्हा फेफरे समजून दोन वर्षे औषध चालले. मामाची हकीकत डॉक्टरांस सांगताच तपासणी झाली आणि हृदयाचा स्नायू जाड झाल्याचे आढळले.

हा विकार नवा नाही. लंडनचे डॉ. डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली, बहुतेक अकस्मात दगावलेल्या काही तरुणांच्या हृदयांत हाच दोष वर्णिला. तो पुष्कळदा आनुवंशिक असतो. आई किंवा बाप यांपैकी एकात जनुकाचा दोष असल्यास तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी हा भेद येथे नाही. तेव्हा सुनेस बोल लावण्यात अर्थ नाही.

धावताना किंवा एकदम दचकल्यावर मूर्च्छा येणे, श्रमाने छातीत दुखणे, धाप लागणे, धडधड होणे, ही लक्षणे हलकी मानू नयेत. तान्हे मूल दूध पिताना घामाघूम होत असेल व वजन वाढत नसेल, तरीही तपासणी करावी. मात्र पुष्कळ मुलांत काहीच लक्षण नसते. म्हणून रोग्याचे आईबाप, भावंडे व मुले या सर्वांचा कार्डिओग्राम आणि इको करावा. एकदा निर्दोष निघाला म्हणून निश्चिंत राहू नये. स्नायू वाढत्या वयात जाड होऊ शकतो. डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासणी पुन्हा करावी.

उपाय आहेत. काहींस गोळ्या पुरतात, काहींस शस्त्रक्रिया लागते. ज्यांस धोका अधिक, त्यांच्या छातीत ठोका बिघडताच विजेचा झटका देणारे यंत्र बसवितात. औषध मनाने बंद करू नये, उन्हातान्हात पाणी कमी पडू देऊ नये, आणि खेळ कोणता व किती, हे तज्ज्ञांस विचारावे. आमचा भाचा आज यंत्रासह कॉलेजात जातो.

सोयरीक मोडेल या भयाने घरे गप्प राहतात, हे आम्ही जाणतो. आम्हीही गप्प राहिलो होतो. त्या मौनाने एकही लग्न सुखाचे झाले नाही. एक मुलगा मात्र जाता जाता वाचला. म्हणून विनंती एवढीच की, वंशावळीचा तक्ता भरताना तरुणपणी गेलेल्यांचे वय व मृत्यूची रीत घरच्या प्रतीत अवश्य लिहावी, आणि ती माहेरी-सासरी, दोन्हीकडे कळवावी. पूर्वजांचे स्मरण पुढच्या पिढीच्या उपयोगी पडावे, याहून मोठे श्राद्ध आम्हांस ठाऊक नाही.