मुलाने घरी सांगावे, असे घर

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शाळेचे निकाल, नव्या वर्गखोल्या आणि शाळा अर्ध्यावर सोडणारी मुले यांविषयी बोलले जाते. ते जरुरीचेच आहे. यंदा चिटणीस साहेबांनी मला प्राथमिक शाळेतील मुले आणि मोबाईल या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा मी ताबडतोब हो म्हटले. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती कबूल केल्याशिवाय तुम्हांला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

आपल्या कोकणातील कितीतरी घरांत कर्ता पुरुष आखातात किंवा जहाजावर असतो. एके काळी त्याच्या पत्राची दिवसेंदिवस वाट पाहावी लागे. आज मूल रोज रात्री अब्बांचा चेहरा पाहून झोपते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तर शाळाच फोनमध्ये येऊन बसली. म्हणून मोबाईल घरातून हद्दपार करा, असे मी सांगणार नाही. ते होणारही नाही.

माझी नात तेव्हा चौथीत होती. संध्याकाळी अर्धा तास ती माझ्या फोनवर एक खेळ खेळत असे. त्या खेळात अनोळखी माणसांशी लिहून बोलता येते, हे मला ठाऊक नव्हते. तेथे एकाने ‘तू फार छान खेळतेस’ म्हणून तिला चढविले आणि खेळातली नाणी फुकट देण्याचे कबूल केले. त्यासाठी त्याने फोनचा नंबर मागितला आणि फोनवर सहा आकड्यांचा जो संदेश येईल तो कळव, एवढेच सांगितले. पोरीने कळविला. ती माझ्या व्हॉट्सॲपची किल्ली होती. त्याच रात्री माझ्या नावाने ‘दवाखान्यात आहे, तातडीने पैसे पाठव’ असे निरोप नातेवाइकांना जाऊ लागले. परदेशातल्या पुतण्याने काळजीपोटी काही न विचारता रक्कम पाठविली.

तीन दिवस आम्ही फोनला आणि फोन विकणाऱ्याला दोष देत होतो. नातीला मात्र कारण माहीत होते. ती जेवत नव्हती, आम्हांला वाटले अंगात कसर असेल. चौथ्या दिवशी तिने रडत रडत आपल्या अम्मीला सांगितले. मी विचारले, ‘बेटा, आधी का नाही सांगितलेस?’ ती म्हणाली, ‘दादा, तुम्हीच म्हणाला होतात, फोनमध्ये काही गडबड केलीस तर पुन्हा हात लावू देणार नाही.’

त्याच तासाला ती बोलली असती, तर आपला नंबर पुन्हा नोंदवून त्या माणसाला बाहेर काढण्याचा मार्ग होता. पैशाचे दुःख ओसरले. पण एक लहान मूल आपल्याच घरात चार दिवस एकटे भीत बसले, आणि त्या परक्या माणसापेक्षा ते मला अधिक भ्यायले, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

पालकांनो, आमच्याकडून पैसेच गेले, हे नशीब. असली माणसे पुष्कळदा पैशासाठी येत नाहीत. त्यांची रीत ठरलेली असते. प्रथम स्तुती, मग भेट, मग ‘हे आपले गुपित, अम्मीला सांगू नकोस’, मग खेळ सोडून दुसऱ्या ठिकाणी बोलण्याचा आग्रह, मग एखादे छायाचित्र, आणि शेवटी ते सगळ्यांना दाखविण्याची धमकी. ही सारी साखळी एकाच गोष्टीवर टिकते, ती म्हणजे मुलाचे गप्प राहणे. त्यासाठी मूल घरच्यांना किती भिते, याचा तो माणूस हिशेब करीत असतो.

तेव्हा आजच घरी जाऊन मुलाला सांगा, ‘काहीही झाले, तुझी चूक असली तरी, मला सांग, मी मारणार नाही.’ आणि मूल खरोखर सांगेल तेव्हा हा शब्द पाळा. एकदा मोडलेला शब्द मूल विसरत नाही.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. फोन पडवीत किंवा बैठकीच्या खोलीत, चारचौघांत वापरू द्या. रात्री तो मोठ्यांजवळ असावा. मूल कोणता खेळ खेळते ते शेजारी बसून एकदा पाहा आणि त्यातले अनोळखी लोकांशी बोलणे बंद करून घ्या. जमत नसेल तर शाळेतल्या शिक्षकांना विचारा, त्यात कमीपणा नाही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्याच नियमांत वयाची अट तेरा वर्षांची आहे. चौथीच्या मुलाचे खाते खोटे वय घालून आपणच उघडून देतो. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीची सोय आहे; आपला वेगळा गुप्त आकडा घालून ती आज रात्रीच सुरू करा.

काही विपरीत घडलेच तर पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मुलाला धमकावणारे संदेश घाईने पुसू नका, पोलिसांना दाखवा. आणि मुलाचे तसले चित्र चुकूनही कोणाला पुढे पाठवू नका, तो स्वतःच गुन्हा आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ सालचा कायदा आहे. त्याचे संरक्षण अठरा वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांना आहे, आणि मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास त्याने मनाई केली आहे. बदनामीच्या भीतीने गप्प बसणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. असा प्रकार मुलाच्या बाबतीत झाला तर आपण फोन काढून घेतो. मुलीच्या बाबतीत झाला तर शाळा काढून घेतो. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा आपल्या लेकीला, हा कोणता न्याय? आणि एका मुलीची शाळा सुटलेली पाहिली की तिच्या दहा मैत्रिणी तोंड मिटून घेतात.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. बक्षीस समारंभाची छायाचित्रे आपण कौतुकाने गटावर टाकतो. खाली मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, गाव आणि अंगावर शाळेचा गणवेश. ते चित्र तेथून कोठे जाते हे आपल्याला कळत नाही, आणि परक्या माणसाला मुलाशी ओळख दाखवायला एवढी माहिती पुरते. तेव्हा पालकांची लेखी संमती घ्यावी, नाव व गाव घालू नये, आणि शक्य तेथे घोळक्याचेच चित्र द्यावे. शाळेची वार्ता जरूर द्या, मुलाचा पत्ता देऊ नका.

आता माझ्या लहान दोस्तांनो, तुमच्यासाठी एवढेच. ईदीचे पाकीट लपवून ठेवणे हे गुपित चांगले, कारण ते उघडले की सगळे हसतात. जे गुपित कधीच कोणाला सांगायचे नाही असे कोणी म्हणेल, ते त्याच दिवशी घरी सांगा. घरी कोणी ऐकले नाही तर बाईंना सांगा, सरांना सांगा. ऐकणारा मिळेपर्यंत सांगत राहा.

माझी नात आता सातवीत आहे. फोनवर काही वावगे दिसले की ती हाक मारते, ‘दादा, जरा इकडे या.’ मी हातातले काम टाकून उठतो. तुम्हीही उठावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.